काठाची हद्द : भिवंडीची गोदामे, तलाव आणि नियोजनाचा कायदा

पाणी आणि जमीन यांच्यामधली सीमा नकाशावर एका रेषेने दाखवली जाते. प्रत्यक्षात मात्र ती ऋतुमानाप्रमाणे मागेपुढे सरकणारी पट्टी असते. ज्येष्ठाच्या आरंभी तळ दाखवणारा तलाव श्रावणात सांडव्यावरून वाहू लागतो, खाडीचे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात शेतांच्या बांधांना भिडते आणि अष्टमीच्या भांगाला ते तिथवर पोहोचतही नाही. या पट्टीवर काय बांधू द्यावे आणि काय बांधू देऊ नये, हे ठरवणे म्हणजे काठाची हद्द ठरवणे होय. वरवर पाहता हा नगररचना खात्याच्या फायलींमधला तांत्रिक मुद्दा वाटतो. परंतु ज्या प्रदेशात गेल्या काही दशकांत भाताची खाचरे, खाजणे आणि तळ्यांच्या कडा यांच्यावर मालसाठवणुकीच्या प्रचंड शेड उभ्या राहिल्या, त्या भिवंडी परिसरात या एका मुद्द्यावर पुराचे पाणी कोणाच्या घरात शिरणार, पिण्याचे पाणी किती शुद्ध राहणार आणि आगीच्या वेळी रसायने कुठे वाहून जाणार, हे सारे अवलंबून आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, काठाचे रक्षण राज्यभर सारख्या असलेल्या मीटरच्या आकड्याने होत नाही. ते स्थानिक आराखड्यात, जमिनीचा उतार, पाण्याची वाट आणि साठवला जाणारा माल पाहून, बांधकाम होण्यापूर्वी आखलेल्या हद्दीनेच होऊ शकते.

भिवंडी हे मुळात पाण्याच्या आधाराने वसलेले गाव आहे. कामवारी नदी शहराला वळसा घालून खाडीला मिळते, तर दक्षिणेकडे उल्हास नदीचा खालचा, भरती-ओहोटीचा भाग वसईच्या खाडीकडे जातो आणि त्याच्या उत्तर काठावर अंजूर, काल्हेर, कशेळी यांसारखी गावे आहेत. इ. स. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ताब्यात घेतली, त्यामागे या खाडीवरील व्यापाराचे आणि पुढे आरमाराचे महत्त्व होते. शहराच्या आतल्या भागात, कामतघर येथे, वऱ्हाळा देवीचा तलाव आहे. शहराची तहान मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पाण्यावर भागत असली, तरी या तलावाचे पाणीही पिण्यासाठी वापरात राहिले आहे. तालुक्यातील इतर गावांतही लहानमोठी तळी आहेत. गुरांना पाणी पाजणे, कपडे धुणे, गणपती-गौरीचे विसर्जन आणि आसपासच्या विहिरींना पाझर देणे, अशा अनेक कामांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली.

या भूगोलावर गोदामांचा व्यवसाय आला, तो आर्थिक कारणांनी. मुंबई महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात भरावी लागत असे. त्यामुळे माल हद्दीबाहेर उतरवून, साठवून, लागेल तसा आत नेणे व्यापाऱ्यांना परवडत होते. मुंबई-नाशिक महामार्ग शेजारून जातो, ठाणे आणि कल्याण हाकेच्या अंतरावर आहेत, आणि १९८९ साली न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर आयात मालाचाही ओघ इकडे वळला. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, सोनाळे या गावांत शेतजमिनीवर गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपली, तेव्हा या व्यवसायाचे मूळ कारणच नाहीसे झाले असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उलट घडले. प्रत्येक राज्यात छोटे कोठार ठेवण्याची करविषयक गरज संपल्याने कंपन्यांनी थोड्या परंतु मोठ्या गोदामांकडे मोर्चा वळवला, ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली, आणि पडघा-वडपे पट्ट्यापर्यंत अवाढव्य शेड पसरल्या. २०२४ साली राज्य शासनाने स्वतंत्र लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले, म्हणजे मालाची साठवण आणि वाहतूक यांना राज्याच्या अर्थव्यवस्थेत मानाचे स्थान दिले. हा व्यवसाय वाढणार आहे, हे गृहीत धरूनच काठाचा विचार केला पाहिजे.

गोदाम जमिनीशी नेमके काय करते, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या नियमनाचा विचार निराधार राहील. गोदामाची जमीन ट्रकच्या हौद्याच्या उंचीला आणावी लागते, म्हणजे हमालाला माल उचलून चढवावा न लागता सरळ आत ढकलता येतो. या उंच कडेला धक्का म्हणतात आणि तो साधारण चार फूट उंच असतो. आजूबाजूचा रस्ता आणि ट्रक वळवण्याचे आवार आधीच शेताच्या पातळीपेक्षा वर घेतलेले असते. त्यामुळे सखल खाचरात गोदाम बांधायचे, तर प्रथम दगड, मुरूम आणि इमारतींचा राडारोडा टाकून भराव करावा लागतो. भरावाखाली शेताचे बांध गाडले जातात, बांधाबांधातून पाणी खाली सोडणाऱ्या वाटा बुजतात, रस्त्याखालच्या मोऱ्यांची तोंडे दबतात. मग त्यावर लोखंडी सांगाडा, पत्र्याचे छप्पर आणि सभोवती सिमेंट काँक्रीटचे आवार येते, ज्यात पावसाचा एक थेंबही मुरत नाही.

याचा परिणाम साध्या अंकगणिताने दाखवता येतो. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी काही तासांत पन्हाळींतून खाली येते. कोकणात पावसाळ्यात असे दिवस दुर्मीळ नसतात. त्याच एक हेक्टर भातशेतीचे बांध वीतभर उंच असतील आणि खाचर रिकामे असेल, तर ते सुमारे २० लाख लिटर पाणी अडवून धरू शकते आणि हळूहळू सोडू शकते. म्हणजे शेताचे गोदाम झाल्यावर पाणी साठवणारी जागा पाणी लोटणारी जागा बनते. भरावाचा हिशेब त्याहून गंभीर आहे. पूर पसरण्याच्या जागेवर एक हेक्टरात दीड मीटर उंचीचा भराव केला, तर तिथे मावणारे दीड कोटी लिटर पाणी शेजारच्या सखल जागेत जाते, आणि ही शेजारची जागा बहुधा जुने गावठाण, यंत्रमागांची वस्ती किंवा कामगारांची चाळ असते. जोरदार पावसात कामवारीचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरते, तेव्हा त्याचे खापर केवळ अतिवृष्टीवर फोडून चालत नाही. पाण्याच्या पसरण्याच्या जागा कोणी व्यापल्या, हेही विचारावे लागते.

तलावाच्या बाबतीत हा विचार आणखी एक पायरी पुढे न्यावा लागतो. तलाव हा केवळ पाण्याचा साठा नसतो. त्याला येवा असतो, म्हणजे पाणलोटातून ओहोळांद्वारे येणारे पाणी, आणि सांडवा असतो, म्हणजे भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. काठापासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या भिंतीपेक्षा तीनशे मीटरवर ओहोळ अडवणारा भराव तलावाला अधिक मारक ठरू शकतो, कारण त्यामुळे तलाव भरतच नाही. उलट सांडव्याची वाट बुजली, तर भरलेला तलाव वस्तीत घुसतो. म्हणून काठाची हद्द केवळ पाण्याच्या कडेपासून मोजलेल्या अंतरात बसत नाही; येवा आणि सांडवा यांच्या वाटा तिच्यात घ्याव्याच लागतात.

तिसरा घटक साठवलेल्या मालाचा आहे. कापडाचे तागे, किराणा आणि औद्योगिक रसायने यांची गोदामे बाहेरून सारखीच दिसतात. बांधकामाच्या नियमांत त्यांची उंची, क्षेत्रफळ आणि सोडायचे अंतर मोजले जाते, परंतु पाण्याला असणारा धोका मालावरून ठरतो. भिवंडी परिसरात रसायनांची साठवण मोठ्या प्रमाणावर होते आणि गोदामांना आगी लागण्याच्या बातम्या वारंवार येत असतात. अशा आगीत धुराची चर्चा होते, मनुष्यहानीची होते आणि ती व्हायलाच हवी. पण आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याचे काय झाले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ मिळाले. तेथील सँडोझ कंपनीच्या गोदामात हजार टनांहून अधिक शेतीरसायने होती. आग विझवताना मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइन नदीत गेली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे, विशेषतः वाम, मेले. त्या गोदामात उत्पादन होत नव्हते, फक्त साठवण होती. पुढच्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या देशांनी नदीसाठी संयुक्त कृती कार्यक्रम स्वीकारला, आणि आगीचे पाणी अडवून धरणारे हौद रासायनिक गोदामांपाशी असावेत, हा विचार युरोपात रुजला. नदीकाठच्या गोदामाला कारखान्याइतक्याच गांभीर्याने घेतले पाहिजे, हा धडा जगाला एका गोदामानेच दिला. भिवंडीच्या ओढ्यांना आणि तळ्यांना तो तंतोतंत लागू पडतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. काठाच्या रक्षणासाठी नियम नाहीत, असे म्हणता येणार नाही. नियम अनेक आहेत, आणि प्रत्येक नियम वेगळ्या पाण्याकडे पाहतो, हीच अडचणीची गोष्ट आहे. पहिला थर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचा आहे. या अधिनियमानुसार विकास आराखडा होतो, म्हणजे कोणत्या जमिनीचा कोणता वापर करता येईल, याचा बंधनकारक नकाशा तयार होतो. भिवंडी शहरासाठी नियोजन प्राधिकरण म्हणजे भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका; तर शहराभोवतालच्या सुमारे ६० गावांसाठी २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. राज्याने २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या कडेपासून १५ मीटरच्या आत बांधकामाला मज्जाव आहे आणि लहान प्रवाहांसाठी त्याहून कमी अंतर आहे.

दुसरा थर पूररेषांचा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी दाखवणारी ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी असून ती जागा उद्याने, क्रीडांगणे यांसारख्या खुल्या वापरासाठीच राखायची असते. निळ्या आणि लाल रेषेमध्ये मात्र जोते पुराच्या पातळीवर उचलण्याच्या अटीवर बांधकाम करता येते. या अटीत एक विसंगती दडलेली आहे. जोते उचलले की मालकाचा माल सुरक्षित होतो, परंतु ते भराव घालून उचलले तर तेवढेच पाणी शेजाऱ्याकडे ढकलले जाते. म्हणजे एका घराला वाचवणारा नियम दुसऱ्या घराला बुडवू शकतो. शिवाय पाटबंधारे खात्याने सर्वेक्षण करून रेषा आखल्या असतील, तिथेच हे संरक्षण मिळते. गावच्या तळ्याला आणि ओहोळाला पूररेषा नसते.

तिसरा थर सागरी किनारा नियमनाचा आहे, जो भरतीचे पाणी पोहोचते त्या खाडीकाठाला लागू होतो. या क्षेत्राची अंतर्गत सीमा पाण्याच्या खारेपणावरून ठरते. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात क्षारता हजारात पाच भाग असेल तिथपर्यंत खाडी मानली जाते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीच्या दोन्ही काठांवर १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते अंतर नियंत्रित होते. २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणले. उधाणाचे पाणी जिथे येत होते तिथेच येत राहिले. अर्धा झाला तो कागदावरचा काठ. कांदळवनांना मात्र न्यायालयाचा आधार मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई केली.

चौथा थर पाणथळ जागांचा. २६ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांत गोदामांच्या दृष्टीने दोन कलमे फार मोलाची आहेत. अशा जागेत १९८९ च्या नियमांखालील घातक रसायनांची हाताळणी आणि साठवण करता येत नाही, आणि गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, होड्यांच्या धक्क्याखेरीज, कोणतेही कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. म्हणजे मालाच्या स्वरूपावरून काठ ठरवण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. परंतु याच नियमांच्या व्याख्येतून नदीपात्रे, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय, तसेच सिंचन, मीठ, मत्स्यशेती यांसाठी उभारलेली तळी वगळलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी देशातील २,०१,५०३ पाणथळ जागांना नियमांच्या तत्त्वांचे संरक्षण दिले, पण त्या यादीत प्रत्येकी सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागाच आहेत.

हे चार थर एकावर एक ठेवले की त्यांच्यातली फट स्पष्ट दिसते. भरतीचे पाणी न येणारे, सव्वादोन हेक्टरांहून लहान, पूर्वजांनी पिण्यासाठी किंवा शेतीसाठी खोदलेले, पूररेषा नसलेले गावतळे यांपैकी कोणत्याही कायद्याच्या पूर्ण छायेत येत नाही. त्याच्या येव्याचा ओहोळ सातबाऱ्यावर खासगी जमिनीचा भाग म्हणून नोंदलेला असू शकतो, आणि पावसाळ्यापुरताच वाहत असल्याने नकाशावर दिसतही नाही. भिवंडी तालुक्यात गोदामांचा दबाव नेमका अशाच जागांवर आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वपरवानगी लागते. पण शेजारी शेजारी वेगवेगळ्या नावांनी उभ्या राहिलेल्या लहान गाळ्यांच्या रांगा, एकत्र मिळून कितीही मोठ्या झाल्या, तरी त्या उंबरठ्याखाली राहू शकतात. तलावाला मात्र छप्पर कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. त्याला सर्वांचे पाणी एकत्रच भोगावे लागते.

न्यायालये ही फट भरून काढतील, अशी आशा अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांबाबत २००१ आणि २०११ साली महत्त्वाचे निकाल दिले, आणि २०१९ साली ग्रेटर नोएडाच्या प्रकरणात, उद्योगासाठी घेतलेल्या तळ्याच्या बदल्यात दुसरीकडे तळे खोदून देणे हा पर्याय होऊ शकत नाही, असेही सांगितले. पण अंतराच्या प्रश्नावर न्यायालयाची मर्यादा बेंगळूरूने दाखवून दिली. तेथील मूळ आराखड्यात तलावापासून ३० मीटर अंतर होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१६ मध्ये ते ७५ मीटर केले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये हा आदेश रद्द केला, कारण विधिवत मंजूर झालेल्या आराखड्यातील तरतूद न्यायाधिकरणाला बदलता येत नाही. याचा अर्थ असा की, काठाची हद्द आराखड्यातच नीट आखलेली नसेल, तर नंतर कोणत्याही न्यायपीठाकडून ती मिळेल याची खात्री नाही.

काठाचे स्थानिक नियमन कसे असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आहे, जिथे हजारो तलाव आहेत. योगायोगाने महाराष्ट्राचा नगररचना अधिनियम झाला त्याच १९६६ साली त्या राज्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकाला, तलावकाठासाठी स्वतंत्र वापरनियम करणे भाग पाडले. तलावापासून १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटरचा पट्टा काठाचा मानला जातो. नेहमीच्या उच्च पाणीरेषेपासून ७५ फूट, म्हणजे सुमारे २३ मीटर आत इमारत बांधता येत नाही. पाण्यालगतच्या ३५ फुटांत झाडोरा राखावा लागतो. आणि काठाजवळच्या भूखंडावर पाणी मुरू न देणाऱ्या पृष्ठभागाचे प्रमाण सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. साठवणुकीची शेड या अंतराच्या बंधनातून सुटत नाही. सूट आहे ती अटी पाळणाऱ्या, कोणी राहत नसलेल्या लहान नौकाघराला, कारण त्याचा पाण्याशी थेट संबंध असतो. घर आणि शेतीच्या त्या प्रदेशातील आकडे गोदामांच्या तालुक्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दोन तत्त्वे घेण्याजोगी आहेत : राज्याने किमान मर्यादा ठरवावी आणि स्थानिक संस्थेने आपल्या पाण्याप्रमाणे ती वाढवावी, हे एक, आणि अंतराइतकेच छपराचे प्रमाणही मोजावे, हे दुसरे. २०१५ साली त्या राज्याने काउंट्यांचा अधिक कडक नियम करण्याचा अधिकार काढून घेतला. स्थानिक अधिकार एकदा मिळाला म्हणून कायम टिकत नाही, त्यासाठी लोकांना जागे राहावे लागते, एवढे त्यावरून लक्षात घ्यावे.

या विचाराला एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या जमिनीवर गोदामे उभी आहेत, त्यांतले अनेकजण आगरी, कोळी, कुणबी कुटुंबांतले आहेत. भातशेतीत भागत नव्हते, खाडीतली मासेमारी आटत गेली, खारबांध फुटले तर ते वेळेवर दुरुस्त झाले नाहीत. अशा वेळी गाळ्याच्या भाड्याने मुलांची शिक्षणे झाली आणि घरे बांधली गेली. माल उतरवणारे हमाल, चालक आणि पॅकिंगची कामे करणाऱ्या स्त्रिया यांची रोजीरोटीही याच व्यवसायावर आहे. काठावर हद्द आखली, तर ज्याची जमीन त्या पट्ट्यात येईल त्याने समाजासाठी एकट्याने तोटा का सोसावा? या प्रश्नाला उत्तर देण्याची साधने आपल्या नियोजन कायद्यात आधीच आहेत. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे एका जागी न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, ही रस्ते आणि आरक्षणांसाठी रुळलेली पद्धत आहे. ती काठाच्या पट्ट्यालाही लावता येईल, आणि महामार्गालगतच्या उंच जमिनीवर ते हक्क उतरवता येतील. ज्या शेतकऱ्याचे खाचर गावाचा पूर अडवते, त्याला त्या सेवेचा मोबदला देणे हे दान नसून देणे आहे.

परंतु मोबदल्याचा विचार नियम पाळणाऱ्यासाठी असतो. नियम मोडणाऱ्याला नंतर माफी देण्याची सवय हा वेगळा प्रकार आहे. एमएमआरडीएचा अंमल सुरू होण्यापूर्वी आणि नंतरही, गावठाणाबाहेरची अनेक बांधकामे केवळ ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याच्या आधाराने उभी राहिली. २०१७ साली नगररचना अधिनियमात कलम ५२ क घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे ठरावीक अटींवर नियमित करण्याची वाट काढण्यात आली. अशा प्रत्येक वाटेमुळे परवानगी घेणाऱ्याला मूर्खपणा केल्यासारखे वाटते आणि पुढच्या माफीच्या तारखेची वाट पाहत भराव सुरू राहतो. काठाच्या बाबतीत तर माफीचा अर्थच वेगळा होतो, कारण दंड भरल्याने भरावाखाली गेलेला सांडवा मोकळा होत नाही. म्हणून इतरत्र काहीही ठरो, जलाशय, त्याचा येवा आणि सांडवा यांवरील बांधकाम कोणत्याही काळी नियमित होणार नाही, ही तरतूद निरपवाद असली पाहिजे.

मग भिवंडीसाठी काठाचा नियम कसा असावा? त्याचा आरंभ यादीपासून व्हावा. शहरातील आणि भोवतालच्या गावांतील प्रत्येक तलाव, तळे, ओहोळ आणि खाजण गट क्रमांकासह विकास आराखड्याच्या परिशिष्टात नोंदवावे, भर पावसाळ्यातील पाण्याची कड प्रत्यक्ष जागेवर मोजावी आणि तिथे हद्दीचे दगड रोवावेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार नद्या, ओढे आणि तळी यांवर, खासगी मालकी सिद्ध झाली नसेल तर, शासनाचीच मालकी असते. त्यामुळे ही मोजणी म्हणजे शासनाने स्वतःची मालमत्ता ओळखणे होय. त्यानंतर पाण्याभोवती तीन पट्टे असावेत. पाण्यालगतच्या पहिल्या पट्ट्यात, तसेच येवा-सांडव्याच्या वाटांवर, कोणतेही बांधकाम आणि कोणताही भराव नसावा. त्यापुढच्या पट्ट्यात साठवणूक चालेल, पण केवळ निरुपद्रवी मालाची. जोते भरावाऐवजी खांबांवर उचललेले असावे, म्हणजे पाणी खालून जाऊ शकेल, आणि छपराखालच्या क्षेत्राला कमाल मर्यादा असावी. तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे उरलेल्या पाणलोटात, रसायनांच्या गोदामाला परवानगी देण्यापूर्वी आग विझवण्याचे सर्व पाणी आवारातच अडवणारा बंदिस्त हौद अनिवार्य असावा, आणि प्रत्येक मोठ्या गोदामाने आपल्या छपराचे पाणी काही तास रोखून धरण्याची व्यवस्था केली पाहिजे. भाडेकरू बदलला आणि माल बदलला, तर परवानगीही नव्याने घ्यावी लागेल, अशी अट त्यात असावी. कारण कापडाचे गोदाम एका करारनाम्याने रसायनाचे गोदाम होऊ शकते.

या नियमाची राखण कोण करणार, याचे उत्तर गावाकडेच शोधावे लागेल. प्राधिकरणाच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला रातोरात पडलेला भराव दिसत नाही. तो दिसतो गुरे घेऊन तळ्यावर जाणाऱ्या माणसाला. म्हणून हद्दीचे नकाशे ग्रामपंचायतीच्या आणि प्रभागाच्या कार्यालयांत मराठीत लावलेले असावेत, ग्रामसभेत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांचे वाचन व्हावे, आणि भरावाची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत जागेची पाहणी करण्याचे बंधन प्राधिकरणावर असावे. व्यवसायाचेही यात हित आहे, कारण आधीच स्पष्ट असलेली हद्द ही नंतर येणाऱ्या तोडण्याच्या नोटिशीपेक्षा गुंतवणूकदाराला कधीही सोयीची असते.

आराखड्यांचे पुनर्विलोकन होते तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि बहुतेक नागरिक त्या काळात आपल्या घरावरचे किंवा शेतावरचे आरक्षण तेवढे पाहून येतात. आपल्या गावचे तळे त्या नकाशावर आहे का, त्याचा ओहोळ दाखवलेला आहे का आणि सांडव्याच्या वाटेवर कोणता रंग भरला आहे, हे पाहण्यासाठी कोणी क्वचितच जातो. भिवंडीतील, ठाणे जिल्ह्यातील आणि महाराष्ट्रातील प्रत्येक वाचकाने पुढच्या वेळी ही तीन ठिकाणे नकाशावर शोधावीत, ती नसतील तर लेखी हरकत नोंदवावी आणि सुनावणीला उपस्थित राहावे. कारण एकदा आराखडा मंजूर झाला की, त्यात नसलेल्या पाण्याची बाजू मांडायला कायद्यात फारशी जागा उरत नाही.